उशिराचे मोल

इंदूर आणि आपला सीमाभाग यांचे नाते आजचे नाही. होळकरांच्या राज्याबरोबर मराठी माणूस माळव्यात गेला, रुजला आणि पुढे तिथलाच झाला. पोहे-जिलेबीवर वाढलेली, हिंदी वळणाचे मराठी बोलणारी इंदुरी मंडळी आपल्याकडे लग्नकार्याला आली, की त्यांच्या ‘भिया’ची आपल्या पोरांना गंमत वाटते आणि आपल्या ‘होय की वो’ची त्यांना. आपल्यापैकी कितीतरी घरांतून लेकी तिकडे दिलेल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे आल्या आहेत. पूर्वी बेळगावहून इंदूर गाठायचे म्हणजे आधी पुणे, मग तिथून पुढची गाडी, डब्यात दशम्या आणि शेंगाचटणी. २०२० च्या सुरुवातीला ‘उडान’ योजनेखाली बेळगाव-इंदूर थेट विमान सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका आजींनी विचारले होते, “म्हणजे सकाळी इथनं निघून दुपारी लेकीच्या घरी जेवायला?” तवरमने आणि सासर यांच्यातले अंतर असे तासांवर आले.

अंतर तासांवर आले, की माणसाचा धीरही तासांवर येतो. पूर्वी गाडीला अर्धा दिवस उशीर झाला तरी आपण स्टेशनवर वळकटी पसरून गप्पा मारत बसायचो. आता विमानाला दोन तास लागले की आपण काउंटरवर आवाज चढवतो. हा दोन तासांचा उशीर कधीकधी कशासाठी असतो आणि त्याची किंमत कुणी, कशी मोजलेली असते, हे आज थोडे सांगावेसे वाटते. मी यंत्रशास्त्राचा माणूस नाही. पण माणसाने केलेल्या नियमांमागे माणसाचीच गोष्ट असते, आणि ती वाचायला एम. ए. झालेल्या माणसालाही मुभा असावी.

इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. हा विमानतळ मूळचा होळकर संस्थानचा. १९३५ साली टाटांच्या विमान खात्यातले नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने तो बांधला गेला. हे व्हिन्सेंट आपल्यालाही अगदीच परके नाहीत. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचे पहिले विमान मुंबईला आणले, ते टपाल पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेणारे वैमानिक म्हणजे हेच. इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईला प्रवासी विमाने जाऊ लागली ती १९४८ च्या जुलैत.

त्या काळच्या विमानात वैमानिकाच्या हातातला दांडा आणि शेपटीवरची हलती फळी यांच्यामध्ये तारेचा दोर असे. दांडा ओढला की दोर ताणला जाई, फळी वर उचलली जाई आणि विमान नाक वर करी. सायकलच्या ब्रेकची तार ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजायला वेगळे शिकावे लागत नाही.

विमान हवेत तीन प्रकारे वळते. नाक वर-खाली होते, त्यासाठी शेपटीच्या आडव्या पंखावर ‘एलिव्हेटर’ नावाची फळी असते. ते एका कुशीवर कलते, त्यासाठी दोन्ही पंखांच्या टोकांकडे ‘एलेरॉन’ असतात. एक वर गेला की दुसरा खाली. आणि नाक डावी-उजवीकडे फिरते, त्यासाठी शेपटीच्या उभ्या पंखावर ‘रडर’, म्हणजे होडीच्या सुकाण्याचा भाऊच. या तीन फळ्या आणि त्यांना हलवणारी सगळी व्यवस्था म्हणजे विमानाचे नियंत्रण. इंजिन बंद पडले तरी विमान काही काळ तरंगत खाली येऊ शकते. पण या फळ्यांनी ऐकायचे बंद केले, तर चालती इंजिने असूनही वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच जगभरच्या विमान कायद्यात या भागाच्या तपासणीला फार वरचे स्थान आहे.

आज इंदूरच्या धावपट्टीवर दोन्ही युगांची विमाने शेजारी-शेजारी उभी राहतात. पंख्याची छोटी ‘एटीआर’ विमाने येतात. त्यांचे एलिव्हेटर आणि एलेरॉन आजही वैमानिकाच्या हाताच्या जोरावर, तारा आणि दांड्यांनीच हलतात. शेजारी ‘एअरबस ए-३२०’ उभे असते, त्यात एलिव्हेटर आणि एलेरॉनसाठी तारेचा दोर नाही; विजेच्या तारेतून संदेश जातो. म्हणजे एकाच आवारात तार तपासणारा माणूस आणि संगणक तपासणारा माणूस, दोघेही कामावर असतात.

तार कशी तपासतात, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. तारेच्या दोरात अनेक बारीक तंतू पिळलेले असतात. कप्पीवरून सतत घासून त्यातला एखादा तंतू तुटतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मग तंत्रज्ञ एक फडके दोरावर धरून अलगद सरकवत नेतो. तुटलेल्या तंतूचे टोक फडक्यात अडकते. आपल्या आया-बहिणी निवडलेल्या भाजीवरून, शिवलेल्या कापडावरून हात फिरवून टाचणी शोधायच्या, तसेच हे. शिवाय दोराचा ताण मोजायचा, आणि तो मोजताना त्या दिवसाचे तापमानही पाहायचे. कारण विमानाचा सांगाडा आणि दोर थंडी-उन्हाने सारखे आकसत-वाढत नाहीत. इंदूरच्या डिसेंबरातला ताण आणि मे महिन्यातला ताण एकच असेल असे धरून चालत नाही.

आता संगणकाची गोष्ट. ए-३२० विमान १९८८ साली प्रवासी सेवेत आले. वैमानिकाच्या हाताची हालचाल संगणकाकडे जाते आणि संगणक फळ्यांना हुकूम देतो, अशी व्यवस्था पुरती अंगीकारलेले हे पहिलेच प्रवासी विमान. एकाच संगणकावर भरवसा ठेवू नये म्हणून यात नियंत्रणासाठी सात संगणक आहेत. त्यातले दोन ‘एलॅक’ म्हणून ओळखले जातात. एलिव्हेटर आणि एलेरॉन सांभाळणे हे त्यांचे मुख्य काम. भारतात ज्या विमानांनी आपण बहुधा प्रवास करतो, इंदूरला जी सर्रास दिसतात, ती याच कुळातली.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मेक्सिकोतल्या कान्कूनहून अमेरिकेतल्या नेवार्कला निघालेले असे एक विमान उंचावर व्यवस्थित चालले होते. वैमानिकाने काही न करता त्याने अचानक नाक खाली घातले. वैमानिकांनी ते सावरले आणि फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे उतरवले. काही प्रवासी जखमी झाले, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. कुणाचा जीव गेला नाही.

जीव गेला नाही, म्हणून ‘हवेचा खड्डा लागला असेल’ असे म्हणून फाईल बांधून ठेवता आली असती. तसे झाले नाही. शोध घेताना धागा एलॅकपर्यंत पोचला आणि त्यातल्या संगणकीय आज्ञावलीच्या एका नव्या आवृत्तीवर बोट आले. तीव्र सौर प्रारणामुळे या आवृत्तीतली नियंत्रणासाठी लागणारी माहिती बिघडू शकते, असे एअरबसने सांगितले. हे कसे होते? संगणकाच्या स्मृतीत सगळे हिशेब शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेले असतात. आकाशातून येणारा एखादा जोरकस कण नेमका त्या जागी आदळला, तर शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य. जुन्या किर्दीवर शाईचा थेंब पडून एकाचा सात दिसावा, तसे. विमान जितके उंच, तितके डोक्यावरच्या हवेचे पांघरूण पातळ, आणि असे कण जास्त. चांगली आज्ञावली अशी चुकीची नोंद ओळखून बाजूला सारते. या आवृत्तीत तेच संरक्षण कमी पडत होते.

२८ नोव्हेंबर २०२५ ला, शुक्रवारी, एअरबसने हे जाहीर केले आणि युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने तातडीचा हुकूम काढला. सदोष एलॅक पुढच्या उड्डाणाआधी दुरुस्त करा किंवा बदला; दुरुस्तीच्या ठिकाणी न्यायचे असेल तर प्रवासी न घेता न्या. जगभरातली सुमारे सहा हजार विमाने या हुकमाच्या कक्षेत आली. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तोच हुकूम बंधनकारक केला. भारतातली तीनशेहून अधिक विमाने त्यात होती. उपाय बहुतेक विमानांना साधाच होता: आज्ञावलीची जुनी, भरवशाची आवृत्ती परत बसवायची. एका विमानाला काही तासांचे काम. जुन्या बांधणीच्या काही विमानांचा मात्र संगणकच बदलावा लागणार होता. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद इथल्या तळांवर रात्रभर काम चालले आणि दोन दिवसांत भारतातले काम आटोपले.

नेमके ते दिवस लग्नसराईचे. शनिवार-रविवार. आमच्या शेजारच्या आक्कांची धाकटी लेक इंदूरहून पुतण्याच्या हळदीला यायची होती. तिचे विमान उशिरा निघाले, पुढची जोडगाडी चुकली आणि ती पोचली तेव्हा हळद लावून झाली होती. आक्कांचा राग रास्तच होता. “इतकी वर्षे चालत होतं न्हवं? नेमकं आजच काय झालं त्याला? दोन दिवसांनी केलं असतं तर?” हा प्रश्न त्या दिवशी अनेक घरांत विचारला गेला असणार.

उत्तर असे, की ‘दोन दिवसांनी’ हा शब्द विमानाच्या नियमांनी फार महाग देऊन शिकलेला आहे.

विमान कंपनीला निर्मात्याकडून दोन प्रकारची पत्रे येत असतात, असे ढोबळमानाने समजा. एक सूचनापत्र: अमुक भाग तपासलात तर बरे, तमुक बदललात तर बरे. हा वैद्यांचा सल्ला. पथ्य पाळावे हे बरे, न पाळल्यास कुणी पकडून नेत नाही. दुसरा असतो उड्डाणयोग्यता निर्देश. तो सरकारी यंत्रणा काढते. हा सल्ला नव्हे, हुकूम. अमुक तारखेपर्यंत किंवा अमुक तास उडण्याआधी ही तपासणी, हा बदल झालाच पाहिजे. झाला नाही तर विमान जमिनीवर. पहिल्या पत्राचे दुसऱ्यात कधी रूपांतर करायचे, हा विमान सुरक्षेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. फार लवकर केले तर जग थांबते. फार उशिरा केले तर माणसे जातात.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातात २६० माणसे गेली. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९. त्याच्या प्राथमिक अहवालात एक नोंद होती. इंजिनाला इंधन देणाऱ्या बटणांच्या खिट्टीबद्दल अमेरिकेच्या यंत्रणेने २०१८ मध्येच एक सूचना काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून त्या कंपनीत ती तपासणी झालेली नव्हती. त्या खिट्टीमुळे अपघात झाला असे त्या अहवालाने म्हटलेले नाही, आणि नंतर आपल्याकडच्या विमानांची जी सक्तीची तपासणी झाली त्यात कंपनीला दोष आढळला नाही. तरीही ती ओळ वाचताना मन थांबते. सल्ला आणि हुकूम यांच्यामधली जागा केवढी असते, हे त्या एका ओळीत दिसते.

नियंत्रणाच्या फळ्यांच्या बाबतीत ही जागा किती जिवावर बेतते, याची दोन उदाहरणे जगाला पाठ आहेत. पहिले ३१ जानेवारी २००० चे. अमेरिकेतल्या अलास्का एअरलाइन्सचे विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळले, ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा एक मोठा स्क्रू असतो. त्याला वेळेवर वंगण मिळाले नव्हते. वंगण नाही म्हणून नटाचे आटे झिजले, झिजता झिजता पार निखळले. वंगणाच्या आणि झीज मोजण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर कंपनीने वाढवत नेले होते, आणि त्याला यंत्रणेची मंजुरीही होती. म्हणजे नियम मोडला असेही नाही. नियमच सैल केला होता. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे राहिले तर चाक करकरते आणि सगळ्या गावाला सांगते. विमानाची शेपटी करकरत नाही.

दुसरे बोइंग ७३७ मॅक्सचे. या विमानात नाक आपोआप खाली दाबणारी एक संगणकीय व्यवस्था होती, आणि ती एका वेळी एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चालत होती. संवेदक चुकला की व्यवस्था पुन्हापुन्हा नाक दाबत राही. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची धड ओळखही नव्हती. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ माणसे गेली. नोव्हेंबरात अमेरिकेने तातडीचा निर्देश काढला. पण तो होता पुस्तिकेत पाने जोडण्याचा. यंत्र तसेच राहिले. १० मार्च २०१९ ला इथिओपियात आणखी १५७ माणसे गेली. मग मात्र जगभर ही विमाने थांबली, भारतातही. दोन्ही संवेदकांची तुलना, नाक एकदाच दाबणे, वैमानिकाला ते सहज रोखता येणे, नवे प्रशिक्षण, असे बदल झाल्यावर भारतात ती पुन्हा उडाली ती २०२१ च्या ऑगस्टात. मधल्या काळात प्रवाशांचे किती हाल झाले, कंपन्यांचे किती पैसे बुडाले, याचा हिशेब कुणी मांडला असेल. पण ऑक्टोबर ते मार्च या पाच महिन्यांचा हिशेब १५७ घरांनी चुकता केला.

आता २०२५ चे पाहा. ३० ऑक्टोबरला घटना, २८ नोव्हेंबरला हुकूम, ३० नोव्हेंबरला भारतातले काम पूर्ण. एक महिना. मृत्यू शून्य. आक्कांच्या लेकीची हळद चुकली, हे खरे नुकसान आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण सुरक्षेचे नियम पूर्वी सुतकात लिहिले जात; हा नियम हळदीच्या दिवशी लिहिला गेला. एवढा फरक माणसाने कमावला आहे. आपल्या कानडी म्हणीतले शहाणपण इथे तंतोतंत लागू पडते: ताळिदवनु बाळियानु. ज्याने दम धरला, तो जगला.

हुकूम निघाला म्हणजे काम झाले, असेही नाही. दुरुस्ती हीसुद्धा माणसाच्या हातची असते आणि तिचीही तपासणी लागते. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचे एक एम्ब्रेअर विमान मोठ्या देखभालीनंतर रिकामेच निघाले होते, आत सहा माणसे. उडताच ते वेडेवाकडे कलंडू लागले. डावीकडे वळवावे तर उजवीकडे कले. देखभालीत एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकांनी जिवाच्या आकांताने ते सांभाळले आणि अखेर बेजा इथे उतरवले. सहाही जण वाचले. तारांच्या जोडणीत त्या वेळी जो बदल केला होता, तो सुधारणा म्हणून केलेला होता. सुधारणाच घात करू शकते, ती अशी.

म्हणून विमानाच्या नियंत्रणाला कुणी हात लावला, तर दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासायचे, असा दंडक आहे. एकाने काम केले, दुसऱ्याने ताज्या डोळ्यांनी पाहिले. दांडा डावीकडे, तर कुठला एलेरॉन वर? खरेच तोच वर गेला का? पूर्ण गेला का? मग दोन सह्या. पहिल्याने दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, यात अपमान नाही. ती कामाची रीत आहे. आपल्या घरात मात्र ‘मी बंद केलाय गॅस’ म्हटल्यावर दुसऱ्याने जाऊन पाहिले, की भांडण होते.

कै केसरादरे बायि मोसरु, असे आपण पोरांना सांगतो. हात चिखलात जातील तेव्हा तोंडात दही पडेल. विमानतळावर आपल्याला दिसतात ते इस्त्रीच्या कपड्यांतले वैमानिक आणि हसतमुख हवाई सुंदरी. पंखाखाली वाकलेला, हात काळे झालेला तंत्रज्ञ आपल्याला खिडकीतून दिसला तर दिसतो. चिखल त्याच्या हाताला, दही आपल्या तोंडी. त्याच्याकडे एक असा अधिकार असतो, जो मोठमोठ्या साहेबांकडे नसतो: सही न करण्याचा. तीनशे साठ तिकिटे विकली गेली असोत, मंत्री बसलेले असोत, परवानाधारक अभियंत्याने सही केली नाही तर विमान हलत नाही. काउंटरवर आपण जो आवाज चढवतो, तो फिरत-फिरत त्याच्याच कानापर्यंत जातो. त्याचा हात सहीकडे घाईने जावा, असे आपल्यापैकी कुणालाच वाटत नसेल.

आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी हेही सांगावेसे वाटते, की हा व्यवसाय आपल्यापासून दूरचा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्यांना विमान देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम करता येतो, डीजीसीएच्या परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात आणि एअरबससारख्या निर्मात्यांकडे जातात. इंदूरला उतरणाऱ्या एखाद्या विमानात आपल्याच तालुक्यातल्या कुणाच्या हातचा तुकडा असू शकतो. तो तुकडा मोजून घेणाऱ्या पोरीने दाखवलेला चोखपणा हासुद्धा त्या दोन सह्यांच्या आधीची एक सहीच असते.

आणि आपण? आपल्याकडे गाडीच्या सक्तीच्या तपासणीला महाराष्ट्रात ‘पासिंग’ म्हणतात, कर्नाटकात ‘एफसी’. नावे दोन, पण बोलण्याचा सूर एकच: “झालं का करून? कितीला झालं?” गाडी कशी निघाली, हे कुणी विचारत नाही. खंडेनवमीला, आयुधपूजेला आपण गाड्या धुतो, हत्यारे पुसतो, तेल लावतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. मूळची चाल किती शहाणी होती! वर्षातून एकदा तरी प्रत्येक हत्यार हातात घ्या, पुसा, पाहा, कुठे तडा गेला आहे का ते बघा. पुसणे आणि पाहणे हळूहळू मागे पडले, हार आणि लिंबू तेवढे राहिले. शाळेच्या बसचे ब्रेक, अपार्टमेंटच्या लिफ्टचा दोर, गॅसची नळी, कुकरची झडप, मंगल कार्यालयातली वायरिंग, जत्रेतला पाळणा: यांना कुणी दुसऱ्या माणसाने ताज्या डोळ्यांनी पाहिले आहे का? विमानाच्या बाबतीत जगाने हे सक्तीचे केले, कारण तिथे चूक लपत नाही. आपल्या गल्लीत ती एकेकट्याने घडते आणि ‘नशीब’ म्हणून विसरली जाते.

येत्या खंडेनवमीपर्यंत थांबायची तरी काय गरज? या रविवारी घरातली एक वस्तू निवडा, जिच्यावर घरच्यांचा जीव अवलंबून आहे. एकाने तपासा, दुसऱ्याला पुन्हा तपासायला सांगा. आणि दुसऱ्याने पाहिले म्हणून पहिल्याने रुसू नये.